दम बघणारी सिद्धम्मा

जळकोटात ताप उतरलेल्या माणसाला शेजारीपाजारी दोनच गोष्टी विचारत. तोंडाला चव आली का, आणि सिद्धम्माकडं जाऊन आलास का? दुसऱ्या प्रश्नाला होय म्हटल्याशिवाय कुणी त्याच्या हातात खुरपंसुद्धा देत नसे. सिद्धम्मा काही वैदू नव्हती. तिच्याकडं मुळ्या नव्हत्या, काढे नव्हते, मंत्र तर नव्हताच. ताप कसा उतरवायचा असं कुणी विचारलं तर ती सरळ सांगे, "ते मला ठाव न्हाय. उतरल्यावर या." आजारी माणसाला बरं करणारे पंचक्रोशीत पुष्कळ होते, आणि त्यांतले निम्मे तर माणूस आपोआप बरं झाल्यावर पुढं येऊन मिशीवर ताव देणारे. बरं झालेलं माणूस खरोखर बरं झालं आहे का, एवढं सांगणारी मात्र ती एकटी होती.

ही विद्या तिला कुणी शिकवली नव्हती. मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली ती चौदा वर्षांची होती, माहेरी, नळदुर्गाजवळच्या एका वाडीत. रोज दोन-तीन माणसं जात होती. तिचा थोरला भाऊ माणिकप्पा मात्र त्या तापातून उठला. पाचव्या दिवशी अंग गार पडलं, सहाव्या दिवशी त्यानं भाकरी मागितली, घरात कोण आनंद झाला! सातव्या दिवशी पेरणी मागं पडते म्हणून त्यानं तिफण धरली, आणि कुणी त्याला अडवलं नाही. दुपारी सिद्धम्मा भाकरी घेऊन गेली तर बैल नुसतेच उभे होते, तिसरी काकर अर्ध्यात थांबली होती आणि माणिकप्पा तिच्यात पालथा पडला होता. "तापानं न्हाय मारलं त्याला," ती पुढं आयुष्यभर सांगत राहिली. "आमाला त्याच्या बरं व्हायची घाई झाली, त्यानं मारलं."

तेव्हापासून तिला एक खोडच लागली. तापातून उठलेलं माणूस दिसलं की ती त्याच्या बोलण्याकडं नाही, श्वासाकडं लक्ष देई. लग्न होऊन जळकोटात आली, दोन लेकरं झाली, तरी ती खोड सुटली नाही. नवरा वीरप्पा हसायचा. "आमची बायकू गावाची बैलं तपासतीया," म्हणायचा. पण एकदा पावसाळा सरल्यावर तो स्वतः खोकल्या-तापातून उठला आणि मोट धरायला निघाला, तेव्हा हिनं दारात आडवं होऊन त्याला पंधरा दिवस घरी बसवलं. त्याच आठवड्यात शेजारचा गोरोबा उठला, मोटेवर गेला आणि पुन्हा अंथरुणाला खिळला तो संक्रांतीपर्यंत. त्यानंतर गावच तिच्या दारात यायला लागलं.

तिची रीत अगदी साधी होती. माणूस आलं की म्हणायची, "चल, वेशीपतूर जाऊन येऊ." वाटेनं ती भलतंच काहीतरी विचारी. म्हैस कितव्या महिन्यात आहे, सुनेचं माहेरपण झालं का. बोलत बोलत माणूस वेशीपर्यंत पोचलं तर ठीक. मधेच उत्तरं तुटक झाली, नुसत्या व्हय-न्हायवर आली, की ती तिथूनच मागं फिरे. वेशीजवळच्या कट्ट्यावर बसून ती दोन बोटं त्याच्या मनगटावर ठेवी, दोन स्वतःच्या, आणि मनात ओम नमः शिवाय म्हणायला लागे. दोन्ही नाड्या एका चालीला यायला किती नामं लागली, त्यावरून तिला अंदाज यायचा; जितकी जास्त, तितका दम कच्चा. घरी परतल्यावर उठाबशा. जमिनीवर बसायचं आणि उठायचं, गुडघ्याला हात लावायचा नाही, भिंतीला तर नाहीच. बायांना दहा, नांगर धरणाऱ्या गड्याला वीस.

एकदा नळदुर्गच्या चौकीवरचा जमादार आला. रुंद छाती, भरघोस मिशा, कमरेला पट्टा. "अम्मा, बुखार गया, अब क्या देखते?" म्हणाला. सिद्धम्मानं त्याला सगळ्या गल्लीदेखत उठाबशा काढायला लावल्या. निजामाच्या पोलिसाला उठाबशा काढताना पाहायला मिळतंय म्हटल्यावर शेंबडी पोरंही खेळ टाकून आली. अकराव्या बैठकीला जमादार "या अल्ला" म्हणत सरपणाच्या ढिगावर टेकला तो टेकलाच. सिद्धम्मा गंभीरपणे म्हणाली, "आनखी आठ दिस काठी हातात घ्यायची, पर टेकायला. मारायला न्हाय." तो खो खो हसला, आणि आठ दिवसांनी येऊन वीस पुऱ्या करून गेला. जाताना कंट्रोलची शेरभर साखर ठेवून गेला, म्हणजे गडी मनानं चांगला होता.

बायांसाठी तिची आणखी एक परीक्षा होती, आणि तिच्यावर तिचा सगळ्यात जास्त भरवसा. जातं. पहाटे तिच्या ओसरीतल्या जात्यावर दोन मुठी ज्वारी घेऊन बसायचं आणि दळता दळता ओवी म्हणायची. दर ओळ एका दमात. तापातून नीट न उठलेल्या बाईची ओळ अर्ध्यातच फाटते, मग ती खोकल्याचं निमित्त करते, पदर सावरते, दाणे टाकायच्या मिषानं थांबते. जातं जड, म्हणून समोर दुसरी बाई बसली तरी चाले, पण तिनं हात द्यायचा, आवाज नाही. आणि हे सगळं चालू असताना सिद्धम्मा उंबऱ्याशी पाठमोरी बसायची. जात्याकडं बघायची नाही. "बघितलं की माणूस सोंग करतंय," ती म्हणे. "ऐकणाऱ्यापुढं सोंग चालत न्हाय."

इतकं सगळं झालं तरी ती लगेच निकाल सांगत नसे. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना स्वतः त्या माणसाच्या दारात जाऊन उभी राही. कालच्या कष्टानं माणूस आज अंथरुणातून उठत नसेल, तर कालचं सगळं रद्द. पुन्हा आठ दिवस विश्रांती. या तिच्या हट्टापायी गावातल्या कैक सासवांनी तिला शिव्या घातल्या. ती कुणाला बधली नाही.

पोलीस ॲक्शन झाल्यानंतरही काही वर्षं सिद्धम्मा हयात होती. पण इंग्रजी चव्वेचाळीस सालानंतर तिनं कुणाचा दम पाहिला नाही. कुणी आलं तर म्हणे, "धाराशिवला डाक्टर हाय. त्येला दावा." गावाला वाटलं, लेक गेल्याच्या दुःखानं बाई खचली. दुःख होतंच. पण नुसतं दुःख असतं तर बाई खचूनही लोकांना उठाबशा काढायला लावत राहिली असती. ती तशीच होती.

लेकीचं नाव शिवगंगा. वाशीच्या एका किराणा दुकानदाराच्या घरी, त्याच्या मल्लिनाथ नावाच्या मुलाला दिली होती. चार वर्षं झाली होती लग्नाला, पोटी अजून मूल नव्हतं. त्या वर्षी ती दिवाळीला माहेरी आली आणि पाडव्यालाच खोकल्या-तापाच्या साथीत सापडली. नऊ दिवस ताप, त्यानंतर तीन आठवडे खोकला. रात्रंदिवस उशाशी बसली ती तिची भावजय इरम्मा, तिच्या भावाची, गुरुलिंगाची बायको. दोघी एका वयाच्या. इरम्मा आळंदकडची, कानडी मुलखातली, घरात आली तेव्हा तिला मराठी धड येत नव्हतं. शिवगंगानं तिला ओव्या शिकवल्या आणि ओव्यांतून मराठी शिकवलं. शिवगंगा सासरी जाईपर्यंतचं सबंध एक वर्ष दोघींनी एकाच जात्याचा खुंटा धरला होता. गावातल्या बाया म्हणायच्या, दळतात दोघी, गाते एकच. पण सिद्धम्माला फरक ऐकू यायचा. शिवगंगाचा आवाज बारीक आणि सरळ. इरम्माचा किंचित जाड, आणि ओळीच्या शेवटाला कानडी वळणानं जरा लांबणारा.

मार्गशीर्ष लागला आणि शिवगंगाचे सासरे शिवप्पा स्वतः न्यायला आले. मोटारीनं, मधे धाराशिवला मुक्काम करून. माणूस मऊ बोलणारा, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, बोलताना समोरच्याच्या पायांकडं बघणारा. वीरप्पा दोन वर्षांमागं वारला होता, म्हणून बोलणं सिद्धम्माशीच. चहा झाला, पान झालं, मग ते म्हणाले, "विहीणबाई, घरात चौदा माणसं हाईत. थोरली सून बाळंतपणाला गेलीय. आमच्या कारभारणीचे हात वाकड्या सांध्यांनी कामातनं गेलेत. आता शिवगंगा पायजे."

"अजून दम धरला न्हाय तिनं," सिद्धम्मा म्हणाली. "म्हैनाभर ऱ्हाऊ द्या. न्हायतर न्या, पर म्हैनाभर जातं आन् पाणी सांगू नगा."

शिवप्पांनी मान हलवली. "जातं आन् पाणी सांगायचं न्हाय तर नेऊन काय करू? बार्शीकडनं मल्लिनाथाला एक सोयरीक सांगून आलीया. म्या अजून व्हय म्हनलं न्हाय." नजर तिच्या पायांशीच होती. "तुमचाच शब्द. साऱ्या मुलखात तुमच्या शब्दावर माणसं कामाला लागत्यात. तुमी बरी म्हनला तर आज नेतो. न्हाय म्हनला तर ठिवा. पर मग कायमचीच ठिवा."

सगळं अगदी नम्रपणे बोलले. असल्या नम्रतेची मला तर मनस्वी चीड येते. उभं-आडवं घेऊन शिव्या दिल्या असत्या तर सिद्धम्मानंही पदर खोचून दोन सुनावल्या असत्या आणि विषय तिथंच मिटला असता. पण तिच्याच शब्दाचा मान राखून त्यांनी तिच्याच गळ्याला दोरी लावली होती, आणि दोरीचं टोक तिच्याच हातात दिलं होतं.

शेजारच्या गल्लीत कडूबाई राहायची. नवऱ्यानं टाकलेली, वीस वर्षं भावाच्या घरी. तिची भावजय तिला गोठ्याजवळच्या पडवीत ताट सरकवायची, तेही सगळ्यांची जेवणं उरकल्यावर. सणाला तिच्याकडून सवाष्ण म्हणून कुणी पाणीसुद्धा घ्यायचं नाही. सिद्धम्मानं वीस वर्षं ती बाई रोज पाहिली होती. त्या दुपारी शिवप्पा ओसरीवर घोंगडीवर लवंडले तेव्हा सिद्धम्मा मागल्या दारी जाऊन बसली, आणि तिला कडूबाईच्या जागी पुन्हा पुन्हा आपली लेक दिसायला लागली.

तेवढ्यात शिवगंगा आली. तिनं ऐकलं होतं. "अव्वा, माझा दम बघ."

"अजून आठ दिस थांब गं."

"मामाजी आठ दिस थांबनार न्हाईत. बघ म्हनते ना."

मायलेकी वेशीकडं निघाल्या. सिद्धम्मानं विचारलं, वाशीच्या घरामागं आड आहे का बारव? "बारव," शिवगंगा म्हणाली. किती पायऱ्या? "लई." पाणी कोण भरतं? "म्या." सिद्धम्माला कळत होतं, पोरगी शब्द वाचवते आहे. एरवी हिला विषय पुरवावा लागत नसे, बोलायला लागली की थांबवावं लागे. दुसऱ्या कुणाची लेक असती तर सिद्धम्मा लिंबाच्या झाडाशीच मागं वळली असती. त्या दिवशी ती वेशीपर्यंत गेली. कट्ट्यावर बसून नाडीवर बोटं ठेवली आणि नामं मोजायला लागली, आणि दीडशेच्या पुढं मोजणं सोडून दिलं. विसरले, असं तिनं स्वतःला सांगितलं.

घरी उठाबशा झाल्या. सात नीट झाल्या. आठव्या वेळी शिवगंगाची बोटं गुडघ्याला लागली, अगदी ओझरती. "आठ," सिद्धम्मा म्हणाली. नवव्या वेळी तळवाच टेकला. "नऊ." दहावी झाली तेव्हा लेकीच्या ओठांभोवती पांढरं झालं होतं, आणि तिनं आईकडं बघून हसायचा प्रयत्न केला. सिद्धम्मानं तिला पाणी दिलं. शिवप्पांना म्हणाली, "सकाळी जात्यावर बघते, मग सांगते."

पहाटे ओसरीत जात्याशी दोघी बसल्या. शिवगंगा इकडं, समोर हात द्यायला इरम्मा. चिमणी कोनाड्यात. सिद्धम्मा नेहमीप्रमाणे उंबऱ्याशी, पाठ करून. अंगणात शिवप्पा दात घासत उभे होते. जातं फिरायला लागलं आणि शिवगंगानं ओवी धरली.

जळकोटाच्या शिवंला गं, बोरी-बाभळींची दाटी,
बंधू गुरुलिंग येतो बाई, बहिनीच्या भेटीसाठी.

पहिली ओळ तिची होती. अखेरीला थोडी कापली, पण तुटली नाही. दुसरी ओळ सुरू झाली, "बंधू गुरुलिंग" इथपर्यंत तीच होती. मग तिळभर जागा पडली, आणि पुढचे शब्द आले ते किंचित जाड. "भेटीसाठी"मधला शेवटचा सूर जरासा लांबला. त्यापुढच्या ओवीची सबंध दुसरी ओळ तशीच आली, आणि तिसऱ्या ओवीत तर पहिल्या दोन शब्दांनंतर बारीक आवाज ऐकूच आला नाही. इरम्मा इतकी जपून गात होती की अंगणातल्या माणसाला काय, कुणालाच कळलं नसतं. जातं थांबलं नाही. घरघर एकसारखी चालू होती.

सिद्धम्माला कळलं. पहिल्याच ठिकाणी कळलं. तिचा हात उंबऱ्यावर होता, तो तसाच राहिला. मागं वळून बघावं असं तिला एकदा वाटलं. वळली असती तर तिला लेकीचे मिटलेले ओठ दिसले असते, आणि मग नाही म्हणावं लागलं असतं. ती वळली नाही. उजाडलं, ज्वारी संपली, आणि तिनं उठून अंगणात जाऊन सांगितलं, "न्या. बरी हाय."

दुसऱ्या सकाळी त्या माणसाच्या दारात जाऊन उभं राहायचा सिद्धम्माचा नियम होता. त्या दुसऱ्या सकाळी शिवगंगा मोटारीत होती.

निघताना इरम्मानं तिच्या गळ्यात हात टाकले. दोघी काहीतरी कानात बोलून हसल्या. फसवणूक पचल्याचा आनंद होता तो, लेकरांसारखा. शिवगंगा आईच्या पाया पडली तेव्हा सिद्धम्मानं विचारलं, "जमंल ना गं?" आणि शिवगंगा म्हणाली, "तूच तर बरी म्हनलीस की अव्वा."

बातमी बाराव्या दिवशी आली. वाशीचा एक माणूस सोलापूरच्या मालाच्या मोटारीतून उतरला आणि चिठ्ठी गुरुलिंगाच्या हातात दिली. शिवगंगा सकाळी बारवेवर गेली होती. दुसरी घागर घेऊन पायऱ्या चढताना मधेच बसली. बरोबरच्या बायांना वाटलं, दम खातेय. त्या वर जाऊन, घागरी ठेवून परत आल्या तरी ती तशीच बसलेली होती, घागर मांडीशी धरून. पाणी सांडलंसुद्धा नव्हतं.

गुरुलिंग त्याच पावली निघाला. पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. चौथ्या दिवशी तो परत आला, बहिणीचं एक इरकली लुगडं आणि गळ्यातली चांदीची लिंगाची डबी घेऊन. म्हणाला, शिवप्पा फार रडले. तिला आधी दवाखान्यात का दाखवलं नाही, असं गुरुलिंगानं त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, तुझ्या आईचा शब्द होता ना रे. गुरुलिंगानं हे जसं ऐकलं तसं सांगितलं, त्याच्या मनात काही नव्हतं. सिद्धम्मानं ती डबी ओंजळीत धरली आणि भिंतीशी बसून राहिली. ती रडली नाही याचं बायांना नवल वाटलं. रडायला तोंड कुठं उरलं होतं तिला!

पौष सगळा असाच गेला. घरात जातं रोज फिरे, पण ओवी बंद. इरम्मा एकटी बसून मुकाट दळायची. ती वाळत चालली होती. भाकरी अर्धी टाकायची. दारात कुणी दम दाखवायला आलं की हातातलं काम टाकून मागल्या दारी जायची. माघात एका पहाटे सिद्धम्मा दाणे निवडत जवळ बसली होती, तेव्हा जातं एकदम थांबलं.

"आत्याबाई," इरम्मा म्हणाली. "त्या दिशी ओवी तिची नव्हती. तिचा दम सुटला. तिनं माझ्याकडं असं बघितलं की... म्या उचलली. पुढची बी म्याच म्हनली. तुमी पाठमोऱ्या हुता. म्या तुमाला फसिवलं. म्या मारली तिला."

सिद्धम्माच्या हातातले दाणे सुपात पडले. आता बोलायचं, एवढं तिला कळत होतं. तोंड उघडलंही. पण बाहेर पडलं ते एवढंच, "दळ. उजाडलं."

हे मी लपवत नाही, कारण तिनंही शेवटी लपवलं नाही. त्या दिवशी सिद्धम्माला बरं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा तिला झोप लागली. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून स्वतःच्या छातीवर ठेवून घेतला होता, आणि ती ठेवून घेणारी पोर विशीतली होती, कुणाला सांगणार नव्हती. गाव सिद्धम्माला फसवली गेलेली आई समजलं असतं. तीन दिवस तिनं ते तसंच राहू दिलं. तीन दिवस ती सुनेच्या हातची भाकरी खाली मान घालून खात राहिली, आणि सून चुलीपुढं बसून आणखी वाळत राहिली.

चौथ्या पहाटे इरम्मा जात्याशी आली नाही. सिद्धम्मानं आत डोकावलं तर ती गाठोडं बांधत होती. "मला आळंदला धाडा, आत्याबाई. कायमचंच. हितं ऱ्हायची माझी लायकी न्हाय. ह्यास्नी मी काय सांगू ते तुमीच सांगा." गाठोड्यात तिनं दोनच लुगडी घेतली होती, तीही जुनी. नवी घडी करून बाजूला ठेवली होती.

सिद्धम्मानं तिचा हात धरला, तिला ओसरीत आणलं आणि जात्याशी बसवलं. स्वतः समोर बसली. तोंडासमोर तोंड करून. आयुष्यात पहिल्यांदाच ती तिथं कुणाचा चेहरा बघत बोलत होती.

"मला कळलं हुतं."

इरम्मानं मान वर केली.

"माझ्या पोटचा आवाज म्या वळखत न्हाय व्हय गं? तू उचललीस तवाच कळलं. गुरुलिंगाच्या नावापाशी. त्येच्या आदल्या दिशी तिनं गुडघ्याला हात लावला, ते बी म्या बघितलं. नाडी मोजायची अर्ध्यात सोडली. तू न्हाय फसिवलंस. मला फसवून घ्यायचं हुतं."

"मग तवाच का न्हाई बोललासा?" इरम्माचा आवाज चढला. सासूपुढं तिचा आवाज कधी चढला नव्हता. "म्या पोर हुते. मला काय कळत हुतं? मला वाटलं, आठ दिसांत आपसुक ताकद यील. तुमाला तर ठाव हुतं! तुमाला ठाव हुतं, आत्याबाई!"

"व्हय."

"मग?"

"कडूबाईवानी व्हईल म्हनून भ्याले." सिद्धम्मानं पदर तोंडाशी नेला, आणि मग खाली सोडला. "ती बरी पायजे हुती मला. हाय तशी नगं हुती."

बाहेर गुरुलिंग बैलांना कडबा टाकत होता. मग इरम्मानं अगदी हळू विचारलं, "आन् तवा न्हाय म्हनला असता तर?"

"तर मल्लिनाथानं दुसरी करून आनली असती," सिद्धम्मा म्हणाली. "शिवगंगा टाकलेली म्हनून जलमभर हितं पडली असती. लोकांनी नावं ठिवली असती. आन् आत्ता या टायमाला तुझ्यासमोर बसून दळत असती."

हे बोलून झालं आणि तिच्या तोंडून पहिल्यांदा तो आवाज फुटला, जो वाशीची चिठ्ठी आली त्या दिवशी फुटायला हवा होता. गुरुलिंग कडबा टाकून धावत आला आणि दारात थबकला. इरम्मानं सासूला जवळ घेतलं नाही, आणि तिथून उठूनही गेली नाही. जात्याच्या पलीकडं ती तशीच बसून राहिली, सुपातली ज्वारी उजाडेपर्यंत तशीच पडून होती.